तांबूची हनुवटी

१८ जुलै २०२२, सोमवारी सकाळी आमची कुत्री तांबू मला चावली. गुरगुरली नाही, दात विचकले नाहीत. अंग आखडलं एवढंच, आणि पुढच्या क्षणी माझ्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधल्या मांसात तिचे सुळे होते. आम्ही जनावरांच्या दवाखान्यात होतो, ती पत्र्याच्या टेबलावर होती. ह्यांनी मागचे पाय धरले होते, मदतनीस मुलाने छाती दाबली होती, डॉक्टर पुढच्या पायाची शीर शोधत होते आणि मी तिचं तोंड दोन्ही हातांनी मिटून धरलं होतं. तोंडाला बांधलेली बँडेजची पट्टी घसरली, ती सारखी करायला मी एक हात सोडला. चावून झाल्यावर ती इतकी थरथरायला लागली की खालचा पत्रा वाजू लागला. रक्त माझ्या हातातून येत होतं, पण मला आठवतो तो त्या पत्र्याचा आवाज.

नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतला. तांबूला रेबीजची लस वेळच्या वेळी दिलेली होती, तरी डॉक्टरांनी मला तिथूनच सरकारी रुग्णालयात पाठवलं, आणि ते बरोबरच होतं. जखमेभोवती सीरम टोचलं, दोन्ही दंडांत लस दिली. पुढची लस तीन दिवसांनी, मग सात, मग अठ्ठावीस दिवसांनी. तांबूलाही पुढे अठ्ठावीस दिवसांच्याच गोळ्या लागल्या, त्यामुळे आमच्या दोघींची औषधं जवळजवळ एकदमच संपली.

मला सांगायचंय ते या चाव्याच्या आधीच्या चार दिवसांबद्दल आणि नंतरच्या चार महिन्यांबद्दल.

तांबू आमच्याकडे आली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. वाईचा गणपती घाट तेव्हा ओस पडला होता, भेळेच्या गाड्या बंद, दर्शनाला माणूस नाही, आणि माणसांवर जगणाऱ्या घाटावरच्या कुत्र्यांचे हाल चालले होते. ह्यांना ती पायऱ्यांच्या आडोशाला दिसली. तीन-साडेतीन महिन्यांचं तांबूस पिल्लू, मागचा उजवा पाय सुजलेला, जखमेत अळ्या. टॉवेलात गुंडाळून घरी आणली. ती जखम रोज साफ करायची म्हणजे दोघांनी दाबून धरायचं आणि तिसऱ्याने औषध घालायचं. पंधरा दिवस हे चाललं. पाय बरा झाला, आणि आम्ही तिचं भलं केलं याबद्दल मला आजही शंका नाही. पण कुत्र्याच्या पिल्लाला माणसं, आवाज, स्पर्श हे सगळं सुरक्षित आहे की धोक्याचं, हे साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांत मनात पक्कं होत जातं. तांबूचे त्यातले शेवटचे आठवडे दगड चुकवण्यात आणि दाबून धरण्यात गेले. हात खाली आला की पायात कळ येते, हा धडा तिने आमच्याच हातांकडून घेतला.

बाकी शिकायला ती फार हुशार. घरात घाण न करणं तीन आठवड्यांत जमलं. झोपून उठली की, खाल्लं की, खेळून दमली की लगेच तिला परसात जुन्या गोठ्यामागे न्यायचं, आणि तिथे झाल्याबरोबर, त्याच जागी उभं राहून कौतुक करायचं. एवढंच केलं. हाक मारली की येई, पट्ट्याला ओढत नसे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसे. मनी, आमची मांजर, तिच्या पाठीला पाठ लावून झोपे. येणारी-जाणारी माणसं म्हणत, कुत्रं चांगलं शिकवलंय.

फक्त अंगाला हात लावलेला चालत नसे. ब्रश घेतला, पाय पुसायला फडकं घेतलं की गुरगुरे. माझे सासरे, अण्णा, वर्तमानपत्राची गुंडाळी जमिनीवर आपटत आणि म्हणत, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस काय गं!" मीही "चूप!" म्हणून दरडावत असे. दोनतीन महिन्यांत गुरगुरणं बंद झालं. तांबू शहाणी झाली असं आम्ही समजलो. तिला हात लावलेला आवडत नाही, तिचा स्वभावच तसा, म्हणून तो विषयही सोडून दिला. वर्षातून एकदा लस टोचताना धरपकड व्हायची, तेवढीच.

आता ते चार दिवस. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तिने अर्धी भाकरी टाकली. बाहेर धो धो पाऊस. म्हटलं, पावसाची मरगळ असेल. दुसऱ्या दिवशी ती जिना चढली नाही. तिसऱ्या दिवशी फक्त पाणी प्यायली आणि अण्णांच्या खाटेखाली जाऊन पडली. कुत्र्याच्या हिरड्या बघाव्यात, ताप मोजावा, पोटाकडची कमी केसांची कातडी तपासावी, हे मला ठाऊक होतं. पण ओठाकडे हात नेला की ती मान फिरवून आणखी आत सरकायची. आजारी आहे, कशाला छळायचं, असं म्हणून आम्ही तिला पडू दिली. चौथा दिवस रविवार होता, दवाखाना बंद. तिच्या हिरड्या पांढऱ्या पडत चालल्या होत्या आणि पोटावर कातडीखाली रक्ताचे बारीक लाल ठिपके उठले होते. दोन्ही खुणा गुरुवारी नाही तरी शुक्रवारी नक्की दिसल्या असत्या. घरातल्या एकालाही त्या बघता आल्या नाहीत.

सोमवारी त्या टेबलावर, माझा हात तिच्या तोंडात असताना, डॉक्टरांना हिरड्या दिसल्या. ताप १०४.६ निघाला. कुत्र्याचा नेहमीचा ताप साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतो, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तो त्यांचा रोजचा. रक्ताचं कसंबसं जमलं. संध्याकाळी आकडे आले. प्लेटलेट २८ हजार, जिथे दोन लाखांच्या आसपास किंवा वर असायला हव्यात. हिमोग्लोबिन ७.२, जे बाराच्या वर असायला हवं. दुसऱ्या दिवशी तिला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट, आणि सगळा रस्ता ती मागच्या सीटवर डोळे मिटून पडून होती. एरवी गाडीत खिडकीतून तोंड बाहेर काढणारी कुत्री. गोचिडीचा ताप, असं निदान झालं. या तापाच्या जिवाणूचं नाव एर्लिकिया. गोचीड चावताना तो रक्तात सोडते, तिथे तो पांढऱ्या पेशींत शिरून वाढतो, आणि आठ दिवस ते तीन आठवड्यांत ताप उभा राहतो. औषध साधं आहे, डॉक्सिसायक्लिन, दिवसातून दोनदा, सलग २८ दिवस. वेळेत दिलं तर बहुतेक कुत्री उठून बसतात. उशीर झाला की रोग हाडांतल्या मगजापर्यंत जातो, आणि मग रक्त तयार होणंच थांबतं.

गोळी कशी द्यायची यावरही बोलणं झालं, कारण आमच्याकडे औषध म्हणजे दूध-भाकरीत कुस्करून. हे औषध दुधात द्यायचं नाही, दुधातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. रिकाम्या पोटीही नाही, उलटी होते. कोरडी गोळी घशात अडकली तर अन्ननलिका भाजते, म्हणून मागून पाणी किंवा घास हवाच. आम्ही उकडलेल्या चिकनच्या गोळ्यात लपवून देत होतो. पहिले दोन दिवस ती तेही खाईना, तेव्हा इंजेक्शन आणि सलाईन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेपटीचं टोक हललं. अण्णांनी देवाजवळ साखर ठेवली.

आता गोचिडींबद्दल, कारण त्यात आमची सगळ्यांचीच समजूत चुकीची होती. आम्हाला वाटे, गोचिडी शेतातून, गुरांकडून येतात, आणि तांबू तर शेतात जात नाही. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरात राहते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून गळून पडते, भिंतीवर चढते आणि फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. पिल्लं बाहेर येतात, कुत्र्यावर चढतात, रक्त पितात, गळतात, कात टाकतात, पुन्हा चढतात. असं तीनदा. म्हणजे कुत्र्यावर चार दिसल्या तर घरात त्याच्या कितीतरी पट असतात. आमचा वाडा जुना, दगडी जोतं, मातीत बांधलेल्या भिंती. टॉर्च घेऊन बघितलं तर तांबूच्या झोपायच्या कोपऱ्यात, जमिनीपासून चार फुटांवर दगडांच्या सांध्यात त्या मसुरीसारख्या बसलेल्या होत्या. दोन रविवार गवंडी लावून सांधे चुन्याने भरून घेतले. तिचं पोतं जाळलं, आणि धुता येईल असं अंथरूण केलं.

फवारणीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट थोडक्यात हुकली. दुकानातून आणलेली बाटली मी डॉक्टरांना दाखवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात मांजर आहे का?" त्यात परमेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराचं शरीर ते पचवून बाहेर टाकू शकत नाही. झटके येतात, मांजर जातं. मनी तर तांबूच्या अंगाला अंग लावून झोपणारी. ज्या घरात दोन्ही आहेत त्यांनी हा प्रश्न स्वतःला प्रत्येक बाटलीपाशी विचारावा, ही माझी हात जोडून विनंती आहे. रॉकेल, तंबाखूचं पाणी, असले उपाय आमच्या गावात सर्रास सांगतात, तेही नकोत. कातडी भाजते आणि कुत्रं चाटतं ते पोटात जातं. आता तांबूला तीन महिने पुरणारी चघळायची गोळी देतो.

दहाव्या दिवशी पुन्हा रक्त काढायचं होतं. पुन्हा चौघांनी धरलं, या वेळी मुसकं बांधून. प्लेटलेट १ लाख १० हजारांवर आल्या होत्या. आकडा बघून मला आनंद व्हायला हवा होता. पण ती टेबलाखाली भिंतीला तोंड करून उभी होती, आणि तिच्या पायांखाली लघवीचं थारोळं झालं होतं. घरात तीन आठवड्यांत शिकलेली कुत्री ती. डॉक्टर म्हणाले, पुढची तपासणी तीन-साडेतीन महिन्यांनी. मी मनात म्हटलं, या तीन महिन्यांत काहीतरी करायचं.

माझी भाची पुण्यात कुत्र्यांना शिकवण्याचं काम करते. ती राखीला आली तेव्हा दोन दिवस राहिली. पहिला दिवस तिने काहीच केलं नाही, नुसती ओसरीवर बसून बघत होती. मग मला म्हणाली, "मावशी, हात जवळ आला की ती आधी ओठ चाटते. मग जांभई देते. मग मान वळवते आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. मग पुतळ्यासारखी थिजते. एवढं सगळं ती सांगते. याच्यापुढची पायरी गुरगुरण्याची. ती कुठे गेली?"

मी तिला वर्तमानपत्राचं सांगितलं.

"गुरगुरणं म्हणजे 'नको' म्हणणं. तुम्ही ते तिच्या तोंडून काढून घेतलंत, पण तिला नकोसं वाटायचं ते वाटतच राहिलं. मग टेबलावर तिच्याकडे एकच शब्द उरला."

हे ऐकून मी उठून आत गेले. मला रडू आलं होतं. अण्णा ओसरीवरच होते, सगळं ऐकत होते. जेवताना ते आपणहून म्हणाले, "वासराला जन्मल्यापासून हात लावून ठेवायचा असतो. कानात, खुरात, कासेत, शेपटीखाली. रोज थोडा थोडा. मग मोठेपणी शिंगं तासायला घेतली तरी बैल उभा राहतो." थोड्या वेळाने म्हणाले, "हिला आपण ते केलं नाही." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने हे म्हणावं, याचं मला फार वाटलं. भाचीने जे शिकवलं त्याला तिच्या क्षेत्रात वेगळी नावं असतील, पण आमच्या घरात ते अण्णांच्या वासराच्या वाटेनेच रुजलं.

पद्धत अशी. एक जुना चौरंग, त्यावर टॉवेलची घडी. तांबूने हनुवटी त्या घडीवर ठेवायची. ठेवली म्हणजे "करा". उचलली म्हणजे "थांबा", आणि त्याच क्षणी आपला हात मागे. रागावणं नाही, पुन्हा बोलावणं नाही, खाऊ दाखवून भुलवणं नाही. ती आपणहून ठेवील तेव्हा पुढे.

आधी तिला एक आवाज शिकवला, जीभ टाळूला लावून काढलेला "टॉक". टॉक झालं की घास मिळतो, एवढंच त्याचं काम. शब्द घेतला नाही, कारण "हां", "शाब्बास" हे घरात दिवसभर कुणी ना कुणी बोलतच असतं. घास म्हणजे उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा, आणि दिवसाचे सगळे तुकडे तिच्या जेवणातून वजा. एका वेळी दोनतीन मिनिटं, सकाळी एकदा, तिन्हीसांजेच्या आधी एकदा. ती कंटाळण्याआधी मी थांबायचं. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं, कारण चांगलं चाललं असताना आणखी एकदा, आणखी एकदा असं होतं, आणि नेमकं तिथेच बिनसतं.

पहिल्या आठवड्यात माझं चुकलं ते क्रमात. मी एका हाताने कलेजी पुढे धरायची आणि ती खात असताना दुसरा हात खांद्यावर ठेवायची. मला वाटे, खाण्याच्या नादात तिला कळणार नाही. चौथ्या दिवशी ती कलेजीकडे बघूनच मागे सरकली. घास दिसला की हात येतो, असं तिने ताडलं होतं, आणि मी तिचा आवडता घासच तिच्यासाठी भीतीची खूण करून ठेवला होता. भाचीला व्हिडिओ पाठवला. तिचं उत्तर एका ओळीत आलं, "आधी हात, मग घास. हात आला की घास येतो, असं वाटायला हवं." तीन दिवस सगळं बंद ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

हनुवटी एक सेकंद. टॉक. घास. दोन सेकंद. पाच. दहा सेकंदांवर यायला दोन आठवडे लागले. मग हनुवटी खाली असताना माझा हात नुसता हवेत हलायचा. मग खांद्याला बोट. पहिल्यांदा बोट लागलं त्या दिवशी तिने हनुवटी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मी हात पाठीमागे घेतला. तिने ठेवली. मी बोट लावलं. तिने उचलली. असं तिने लागोपाठ अकरा वेळा केलं. मी मोजत होते, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. अकराही वेळा हात मागे गेला. बाराव्या वेळी तिने हनुवटी ठेवली आणि मोठा श्वास सोडला. आमच्या घरात ती आली त्याला दोन वर्षं होत आली होती. तिचं "नको" ऐकलं जातं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं.

त्यानंतरचं काम भराभर झालं असं नाही, पण सरळ झालं. कान उलटून बघणं. ओठ वर करून हिरडी बघणं, मग हिरडीवर बोट दाबून सोडणं. पांढरा पडलेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. पुढचा पाय कोपरापाशी हातात धरणं. त्याला रबरी नळी गुंडाळणं. शिरेवर पेनाचं टोपण दाबणं, मग बिनसुईची सिरिंज. सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते स्पिरिटच्या वासाने. कापसाचा बोळा दहा फुटांवर उघडला तरी ती माजघरात निघून जायची. त्या वासाला दवाखाना चिकटलेला होता. मग स्पिरिटची बाटली नुसती जेवणाच्या वेळी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला उघडी ठेवायची, रोज एक फरशी अलीकडे. वीस फरश्या होत्या.

मुसक्याचं काम अण्णांनी अंगावर घेतलं. मळणीच्या वेळी बैलांनी कणसात तोंड घालू नये म्हणून दोरीचं मुसकं घालत, ते त्यांनी स्वतः विणलेलं. कुत्र्यासाठी जाळीचं, पिंजऱ्यासारखं मुसकं घ्यावं. त्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडी पट्टीचं मुसकं तोंड घट्ट मिटवतं, आणि कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं, त्यामुळे ते फार वेळ ठेवणं धोक्याचं. अण्णा जाळीच्या तळाशी भाताचा गोळा ठेवत आणि मुसकं ओंजळीत धरून बसत. तिने तोंड आत घालायचं, खायचं, काढायचं. पट्टा लावला तो बाराव्या दिवशी. आता मुसकं खुंटीवरून काढलं की ती शेपूट हलवत येते. शिकवलेल्या कुत्रीलाही मुसकं हवंच. दुखत असलं की कुणीही चावेल, आणि डॉक्टर, मदतनीस यांचे हात तितकेच मोलाचे आहेत.

दवाखान्याचीही तालीम केली. दुपारी चारच्या सुमाराला तिथे गर्दी नसते. डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा तिला नुसती न्यायची. पायरीवर बसायचं, घास खायचा, परत. मग आत, वजनकाट्यावर. ज्या मदतनीस मुलाने तिची छाती दाबली होती, तोच कलेजीची डबी घेऊन जमिनीवर बसायचा, तिच्याकडे न बघता. त्याने हे कुणी न सांगता केलं. काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते की एवढ्यानेही भागत नाही. तेव्हा डॉक्टर आदल्या रात्री आणि सकाळी शांत करणारं औषध देतात. तांबूला गरज पडली असती तर मी आनंदाने दिलं असतं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौरंग स्कूटरवर पुढे ठेवून दवाखान्यात गेलो. तांबू ह्यांच्याबरोबर चालत आली. डॉक्टरांनी टेबल सोडलं आणि जमिनीवर मांडी घातली. मुसकं घातलं, घडी पसरली. तिने हनुवटी ठेवली. नळी बांधली. बोळा फिरवला. तिने हनुवटी उचलली. डॉक्टरांनी नळी सोडली आणि हात मांडीवर घेतले. बाहेर दोन माणसं खोळंबली होती, एकाच्या हातात शेळीचं करडू होतं. ती पुन्हा घडीवर आली. नळी, बोळा, आणि सुई टेकायच्या बेताला पुन्हा उचलली. डॉक्टर पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा तिने हनुवटी ठेवली, डोळे माझ्याकडे, आणि सुई आत गेली. कुणीही तिला धरलेलं नव्हतं. सिरिंज भरेपर्यंत मी श्वास घेतला नाही. मग टॉक केलं आणि सगळी डबी जाळीतून तिच्यापुढे रिकामी केली.

प्लेटलेट २ लाख ६५ हजार. डॉक्टर म्हणाले, बरं झालं की नाही हे या आकड्यावरूनच धरायचं. रक्तातल्या प्रतिपिंडांची झटपट चाचणी बऱ्या झालेल्या कुत्र्यातही कितीतरी महिने होकार दाखवत राहते. आकडे स्थिर झाल्यावर जानेवारीत तिचं पिशवी काढण्याचं ऑपरेशन झालं. आधी ते करणं शक्यच नव्हतं, प्लेटलेट कमी असताना रक्त थांबलं नसतं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी, चहानंतर, तांबूची तपासणी असते. अण्णांनी शाळेच्या वहीत रकाने आखलेत. हिरड्या, कान, पोट, पंजे, वजन, झोपेत एका मिनिटात किती श्वास. ते तीसच्या आत हवेत. महिन्यातून एकदा ताप. त्या वहीमुळेच २०२४ च्या सप्टेंबरमध्ये दुसऱ्यांदा आलेला गोचिडीचा ताप कळला. एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होत नाही, असं या तापाचं नाही. गणपतीच्या धामधुमीत गोचिडीची गोळी मी पंधरा दिवस उशिरा दिली होती, ती चूक माझी. तांबू नेहमीसारखी जेवत होती, पळत होती. अण्णांनी ओठ वर केला आणि मला हाक मारली. हिरडी जराशी फिकी होती, आणि पोटावर तीन लाल ठिपके. आम्ही सोमवारी दवाखाना उघडायच्या आधी दारात होतो. प्लेटलेट ७२ हजार होत्या. त्या २८ दिवसांत ती एकदाही जेवायची राहिली नाही.

एक काम अजून बाकी आहे. मागचा उजवा पाय. तिन्ही पायांची नखं ती आता मजेत कापू देते, पण तो पाय, ज्यात अळ्या झाल्या होत्या, तिथे हात गुडघ्याच्या खाली उतरला की हनुवटी वर. नखं फार वाढू नयेत म्हणून ती मागच्या रस्त्याच्या डांबरावरून फिरते, तेवढी झिजतात. घाई नाही. काल संध्याकाळी तिने तो पंजा माझ्या तळहातावर तीन सेकंद राहू दिला. वहीत अण्णांनी त्यासाठी वेगळा रकाना केलाय, आणि त्यात ३ लिहिलंय.